एकशेदहा ग्रॅम

“काका, एवढं जोरात काहून दाबून राहिले? हळू ठेवा ना बोट,” खिडकीतली पोरगी म्हणाली, आणि रांगेतले दोघं-चौघं हसले. हसण्यासारखं तसं काही नव्हतं. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्याचे दिवस, आणि जठारपेठेतल्या त्या सेवा केंद्रासमोर अकोल्यातले निम्मे पेन्शनर उभे. आपण जिवंत आहोत हे माणसानं काचेच्या एका चौकोनावर बोट ठेवून सांगायचं, एवढंच काम. कुणाची बोटं झिजलेली, कुणाची भेगाळलेली, मशीन एकाचं घ्यायचं आणि दुसऱ्याला परत पाठवायचं. देवमन तायड्याचं बोट मशीन घेत नव्हतं ते मात्र निराळ्या कारणानं. तो दाबत होता. नख पांढरंफटक पडेपर्यंत दाबत होता, आणि त्याला वाटत होतं आपण नुसतं टेकवलंय. पोरीनं शेवटी त्याचं मनगट धरून बोट उचललं, पुन्हा ठेवलं, म्हणाली, नुसतं टेकवा. हिरवा दिवा लागला. देवमन किसन तायडे, वय एकसष्ट, हयात असल्याचा कागद हातात आला. तो बाहेर येऊन पायरीवर थांबला. मागचा माणूस सरका म्हणाला तरी थांबला. कारण नुसतं टेकवलं तेव्हा त्याला काही लागलंच नव्हतं. काच लागली नव्हती, तिचा गारवा लागला नव्हता. दिवा लागला म्हणून कळलं, बोट पोचलं.

आता दुसऱ्या कुणाचं बोट असतं तर त्यानं कोपऱ्यावर चहा मारला असता आणि विसरून गेला असता. पण हे तायड्याचं बोट होतं, आणि तायड्याचं बोट ही काय चीज आहे हे विचारायचं असेल तर अकोला-अमरावतीच्या कुठल्याही शूटिंग हॉलमध्ये जाऊन विचारावं. तेहतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका उघडून पुन्हा जोडण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर घराच्या पुढल्या खोलीत त्यानं टेबल टाकलं ते नेमबाज पोरांच्या एअर रायफलींसाठी. कंपनीचा ट्रिगर झिजला किंवा मनासारखा जुळेना की लोक बाहेरून दुसरा मागवतात, आणि तो निवडून, बसवून, पोराच्या हाताला जुळवून द्यायला माणूस लागतो. ट्रिगरला दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात तो मोकळा मागे येतो, मग बोटाला एक बारीकशी अडवण लागते. देवमन तिला उंबरठा म्हणायचा. उंबरठ्यावर थांबायचं, श्वास धरायचा, नेम पाहायचा, आणि मग पुढे नुसती इच्छा करायची. छर्रा असा सुटला पाहिजे की सोडणाऱ्यालाच थोडं नवल वाटावं. सगळा खेळ शंभर-एकशेदहा ग्रॅमचा. दोन लिंबांचं वजन म्हणा. तोलायला वजनं असतात, तारेच्या हुकात पितळी चकत्या अडकवायच्या, रायफल नळी वर करून उभी धरायची आणि हुक ट्रिगरला लावायचा. देवमनकडेही होती. पण ती शिकाऊंची. तो बोट लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, एकशेबारा. सुरुवातीला लोक तोलून पाहायचे, आणि निघायचे एकशेबाराच, फार तर एकशेदहा. मग लोकांनी तोलणं सोडलं. त्यानंही सोडलं. पिस्तुलांचे ट्रिगर मॅचच्या आधी पंच तोलतात, पण एअर रायफलला किमान वजनाची अटच नाही, म्हणून तिचा ट्रिगर कुणी कधी तोलत नाही. आकडा तायड्यानं सांगितला की तो आकडा.

घरापर्यंतचा रस्ता पंधरा मिनिटांचा, त्याला पाऊण तास लागला. उजव्या हाताची तर्जनी तो येता-जाता दिसेल त्याला लावत होता. उभ्या स्कूटरच्या सीटला लावली, सीट तापलेली असणार, तो लाल रेक्झिनवर बघत राहिला आणि ताप त्याला अंगठ्यानं कळला. किराणा दुकानासमोरच्या तुरीच्या पोत्यात बोट खुपसलं, दाणे दिसले, दाणे लागले नाहीत. दुकानदारानं विचारलं की काय पाहिजे, तर हा म्हणाला काही नाही, भाव पाहून राहिलो. भिंतीचा खरबरीतपणा तेवढा लागत होता, पण तोही लांबून, जाड गोधडीतून हात लावावा तसा. डाव्या हाताचं बोट ठीक होतं. डावं बोट सगळं सांगत होतं, आणि त्याचा त्याला राग आला. आयुष्यात ज्या बोटानं काही केलं नाही त्याला सगळं कळतं म्हणजे काय. साखर आठ वर्षांपासून होती. डॉक्टरनं दर वेळी पायांचं विचारलं होतं, मुंग्या येतात का, चप्पल निसटली तर कळते का. पायांचं सगळे विचारतात. हाताचं कुणी विचारलं नाही आणि यानं स्वतःहून सांगितलं नाही, कारण सांगायला काही आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. की माहीत होतं? रस्त्याच्या मधोमध हा प्रश्न त्याला पडला, मागून ऑटोवाला ओरडला, आणि तो बाजूला झाला तरी प्रश्न तिथंच उभा होता. दिवाळीच्या आसपास एकदा स्क्रू ड्रायव्हर हातातून सुटला होता. त्याच्या आधी शर्टाची वरची गुंडी रोज सकाळी भांडायला लागली होती. वय झालं, म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. मनात पाल चुकचुकत असते तेव्हा माणूस रेडिओ मोठा करतो.

बायकोनं, शालूनं, दार उघडलं आणि तोंडाकडे बघून विचारलं की दाखला नाही झाला काय. झाला, तो म्हणाला, आणि तिचा कंगवा कुठं आहे ते विचारलं. तिला वाटलं याचं डोकं फिरलं. त्यानं कंगव्यातून एक केस काढला, पांढरा निघाला तो टाकून काळा घेतला, टेबलावर ठेवला आणि वर आजच्या पेपरचं एक पान पसरलं. ही परीक्षा शालिकराम उस्तादांची. शस्त्रागारात नवा माणूस आला की उस्ताद त्याला आधी बंदूक देत नसत, केस देत. कागदाखाली केस आहे, शोध. एका पानाखाली सापडला की दोन पानं, मग तीन. जो चार पानांखालचा केस शोधेल तो माणूस बारीक कामाचा, बाकीच्यांनी नळ्या पुसाव्यात. देवमननं सहा पानांखालचा शोधला होता, पहिल्याच महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. उस्ताद म्हणाले होते, तायडे, हे बोट जपून ठेव, हे सरकारचं नाही. आज एकच पान होतं. त्यानं डोळे मिटले आणि बोट फिरवलं, वरून खाली, मग आडवं, मग गोल. पेपरच्या शाईचा गुळगुळीतपणासुद्धा कळत नव्हता. शालू उभी होती. तिला केस कुठं आहे ते दिसलं होतं, तिच्याच समोर तर ठेवला होता. तिनं सांगितलं नाही. तो डोळे मिटून शोधत राहिला आणि ती बघत राहिली, आणि बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, “तुमी उन्हाळ्यापासून गरम कप तसाच धरून राहिले. मले वाटलं, सवय झाली असंल.” त्यानं डोळे उघडले. बोट केसापासून वीतभर लांब होतं.

उन्हाळ्यापासून. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात याच टेबलावर त्यानं अश्लेषाचा ट्रिगर बसवला होता. अश्लेषा अमरावतीची, सतरा वर्षांची, हरिहर पुराणिक वकिलांची मुलगी. वकिलांनी तिला तीन हात फिरलेली एक जर्मन रायफल घेऊन दिली होती, आणि जुन्या ट्रिगरवर ती साठ छर्ऱ्यांत, सहाशे चोपन्नपैकी सहाशे एकोणिसापर्यंत गेली होती, विदर्भातल्या मुलींत अशा दोघी-तिघीच. ट्रिगर झिजला म्हणून वकील तीन नवे मागवून घेऊन आले आणि म्हणाले, तायडेसाहेब, तुम्ही निवडा. एक होता एकाच टप्प्याचा, तो तर तिच्यासाठी नव्हताच, ती उंबरठ्यावर थांबणारी मुलगी. दुसरा बॅटरीवरचा. त्यात आकडा फिरवला की वजन ठरतं, बोटानं जुळवायला फारसं काही उरत नाही. तो तिला आवडला होता. तीन-चार वेळा उचलून पाहिला, हळूच म्हणाली, काका, हा रोज सारखाच राहील ना. आणि देवमन हसला होता. “बॅटरीवर भरोसा हाय बेटा, आपल्या बोटावर नाही?” असं म्हणाला होता तो, आणि वकीलही हसले होते, आणि ती ओशाळून गप्प झाली होती. मग तिसरा घेतला, चार स्क्रूंचा, पाती मागेपुढे होणारा, जुना अस्सल दोन टप्प्यांचा. तो लावायला त्याला त्या दिवशी नेहमीपेक्षा वेळ लागला. उंबरठा सापडत नव्हता. तो दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू कसत गेला, पाव फेरा, आणखी पाव फेरा, आणि एकदाचा उंबरठा त्याच्या बोटाला लागला तेव्हा त्यानं डोळे मिटून म्हटलं, एकशेदहा. आज त्याला कळलं की उंबरठा कधीचाच येऊन गेला होता. तो कसत राहिला होता ते आपल्या बोटाला ऐकू येईपर्यंत.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ माणूस स्वतःला माफ करेल. पुढे ऑगस्ट आला. अश्लेषा सहाशे सहावर आली होती, मग सहाशे चारवर. तिचे कोच धर्मपाल सर देवमनला अमरावतीच्या हॉलवर घेऊन गेले. पोरगी म्हणत होती की ट्रिगर जड लागतो, दुसऱ्या टप्प्यात कुठंतरी अडतो, थांबते तर नेम हलतो. धर्मपाल सरांनी स्वतः ओढून पाहिला होता आणि त्यांनाही थोडा जड वाटला होता, पण तायडेकाकांनी लावलाय म्हटल्यावर ते पुढे बोलले नव्हते. देवमननं सगळ्यांसमोर बोट लावलं, डोळे मिटले. ट्रिगर लोण्यासारखा वाटला. बधिर बोटाला सगळंच लोणी. हॉलमध्ये वीस-बावीस पोरं होती, सगळी आपापली रायफल खाली ठेवून बघत होती, आणि हा मोठ्यानं म्हणाला होता, “ट्रिगर एकदम साफ हाय. अडते ते हिच्या मनात अडते.” कुणीतरी हसलं होतं. त्यालाही बरं वाटलं होतं, वाक्य छान जमलं म्हणून. पोरीनं मान खाली घातली आणि त्यानंतर ट्रिगरबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिनं मग काय काय केलं ते वकिलांच्या फोनवरून कळत गेलं. मोबाईल आईकडे देऊन टाकला. पहाटे उठून ध्यानाला बसायला लागली. वर्गातल्या मैत्रिणी सुटल्या. नागपूरच्या एका मानसतज्ज्ञाकडे तीनदा जाऊन आली. वहीत रोज एकच वाक्य लिहायची, मी अडत नाही, मी अडत नाही. परवाच्या फोनवर वकील म्हणाले होते की शनिवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे, आणि ही म्हणते यात नाही झालं तर रायफल विकून टाका, माझ्यातच काहीतरी मोडलेलं आहे. देवमननं फोनवर त्यांना धीर दिला होता. होते कवा कवा असं, वकीलसाहेब, पोरीचं मन हळवं असते.

आज शुक्रवार होता.

त्यानं कपाटातून वजनांची डबी काढली, शालूनं जेवून जा म्हटलं तेव्हा दोन घास उभ्यानं खाल्ले, आणि एकच्या सुमाराला अमरावतीची बस धरली. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि डबी मांडीवर. मूर्तिजापूरपर्यंत तो एकाच हिशेबात अडकला होता: जुलैपासून आपण किती रायफलींना हात लावला. हॉलवरच्या शुभमची ऑगस्टमध्ये. त्या जुळ्या बहिणींच्या दोन. बडनेऱ्याच्या पोराची गणपतीत. बोटांवर मोजत गेला आणि अकरावर थांबला, आणि मग वाटलं, उन्हाळ्यापासून म्हणजे शालूला दिसलं ते उन्हाळ्यापासून. न दिसलेलं कधीपासून? मूर्तिजापूरला कापसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता आणि बस अर्धा तास हलली नाही. कापूस दिसला की त्याला बाप आठवायचाच. किसन तायडे जिनिंगमध्ये हमाल होता, आणि चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढला की धाग्याची लांबी सांगायचा, व्यापाऱ्याच्या ग्रेडरच्या आधी आणि ग्रेडरपेक्षा बरोबर. पण त्याला कुणी विचारायचं नाही. हमालाला कोण विचारतो. एकदा त्यानं न विचारता सांगितलं की साहेब, हा माल तुम्ही म्हणता तसा नाही, तर त्याला गेटबाहेर बसवलं दोन दिवस. बाप घरी येऊन नुसती बोटं बघत बसला होता. देवमनच्या बोटाला मात्र लोक विचारायचे. वकील, डॉक्टर, बंगलेवाले, ज्यांच्या घरात त्याच्या बापाला ओसरीवरूनच परत यावं लागलं असतं ते सगळे त्याच्या पुढल्या खोलीत येऊन बसायचे, त्यानं डोळे मिटले की श्वास धरायचे. वजनं त्यानं कपाटात टाकली होती ती काय आळसानं? वजनं कुणीही लावतं. बोट एकट्या तायड्याचं होतं. मेल्या, त्याच दिमाखात तू बसलास, तो स्वतःला म्हणाला, आणि शेजारची बाई त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा कळलं की मोठ्यानं म्हणाला.

ट्रॅक्टर हलले, बस हलली, आणि दुसरा विचार आला तो अगदी शहाण्या माणसासारखा शेजारी येऊन बसला. गाजावाजा कशाला? चाचणी उद्या आहे. हॉलवर जायचं, म्हणायचं उद्याच्या आधी एकदा साफसफाई करून देतो, कोपऱ्यात बसायचं आणि स्क्रू उलटा सोडायचा. तीन मिनिटं. पोरगी उद्या मारेल, सहाशे पंधराच्या वर जाईल, सगळे म्हणतील ध्यानानं फरक पडला, वकील पेढे घेऊन येतील. तिचं भलं, त्याचं नाव. झाकली मूठ सव्वा लाखाची. बडनेरा येईपर्यंत हा विचार त्याला पटतच चालला होता. मग लक्षात आलं की स्क्रू सोडायचा तर कुठपर्यंत? कोणाला विचारून? बोट तर मुकं झालेलं. म्हणजे वजनं काढावी लागणार, आणि तायडे वजनं काढून बसलेत हे हॉलमधल्या बारक्या पोरालाही दिसणार. एवढंच असतं तरी त्यानं काहीतरी जुगाड केला असता, खोटं बोलायला बंदुकांचा कारागीर असायची गरज नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती वही आली. पोरगी जिंकली तरी तिला आयुष्यभर वाटत राहणार की ती मोडली होती आणि ध्यानाला बसून दुरुस्त झाली. न मोडलेल्या माणसाला दुरुस्त झाल्याचा दाखला द्यायचा, आणि तोही मी. त्याला खिडकीतून बाहेर थुंकावंसं वाटलं. अमरावतीच्या स्टँडवर तो उतरला तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. ऑटोत बसला, पत्ता सांगितला, आणि दोनदा मनात आलं की ऑटो परत फिरव म्हणावं.

हॉल म्हणजे एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला. खाली हळदीची तयारी चाललेली, जिन्यावर झेंडूच्या पाट्या, आणि वर दहा मीटर अंतरावर लावलेल्या टार्गेटांचे पांढरे दिवे. चार वाजून गेले होते. उद्याची चाचणी म्हणून सगळी पोरं आलेली, जाड जाकिटं घालून एका ओळीत उभी. देवमन आत आला तसे धर्मपाल सर उठून पुढे आले, वकील आधीच खुर्चीवर होते तेही उठले, एकानं पाणी आणलं. या मानाचं आज त्याला ओझं झालं. अश्लेषा टोकाच्या जागेवर होती. तिनं मागे वळून पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा गालाला रायफल लावली. चेहरा इतका उतरलेला होता की पाच महिन्यांत ती चार वर्षांनी मोठी झाली असं त्याला वाटलं. तिनं उचलली, थांबली, थांबली, खूपच थांबली, रायफल खाली घेतली, पुन्हा उचलली. उंबरठ्यावर डोकं आपटणारं माणूस त्याला आज पहिल्यांदा नीट दिसत होतं, आणि दिसायला बोट लागत नव्हतं.

बेटा, जरा दे, तो म्हणाला. तिनं निमूट दिली. देवमननं डबी उघडली आणि चकत्या टेबलावर मांडल्या. वकिलांना रायफल उभी धरायला सांगितली, रिकामी आहे हे दोनदा पाहून घेतलं. आजूबाजूचे छर्ऱ्यांचे टकटक आवाज एकेक करून थांबले. तायडेकाका वजनं लावताहेत ही बातमी सांगावी लागली नाही. त्यानं शंभर लावलं, दहा लावलं. ट्रिगर मागे आला, उंबरठ्यावर टेकला आणि तिथंच राहिला. आणखी वीस. राहिला. आणखी वीस. दीडशेवर तो राहिला, एकशेऐंशीवर राहिला, आणि शेवटची पाच ग्रॅमची चकती अडकवली तेव्हा टक् झालं. एकशेपंच्याण्णव. धर्मपाल सरांनी आकडा तोंडातल्या तोंडात म्हटला. अश्लेषा टेबलाच्या पलीकडे उभी होती, ती चकत्यांकडे बघत होती, एकेक करून, पुन्हा पहिल्यापासून.

पहिले बोलले वकील. मोठ्या मनाचा माणूस, आणि धंदा अशिलाला सोडवण्याचा. म्हणाले, स्प्रिंग कडक झाली असेल ना तायडेसाहेब, आता थंडी पडलीय, परदेशी माल, आपल्या हवेत असं होत असेल. किती सहज दार उघडून दिलं त्यांनी. नुसती मान हलवायची होती. सगळा हॉल मान हलवायला तयार होता. देवमनच्या मानेत ती हालचाल सुरूसुद्धा झाली होती, हे त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं.

“स्प्रिंग नाही, वकीलसाहेब,” तो म्हणाला. “माझं बोट बधिर झालं. मी लावला तवापासूनच एवढा हाय हा.”

वकील रायफल तशीच उभी धरून राहिले. अश्लेषानं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्याला वाटलं ती रडेल, आणि रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं, डोक्यावर हात ठेवून चार शब्द बोलता आले असते. ती रडली नाही. तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात सरांना शंका विचारावी तसा.

“काका, तुम्ही ऑगस्टमध्ये इथंच म्हणाला होता. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेलं होतं.”

हो, तो म्हणाला.

“आत्तापण सगळे आहेत.”

वकील तिला गप्प करायला लागले, बाळा, असं मोठ्यांशी, तायडेसाहेब स्वतःहून आले ना. देवमननं त्यांना हातानंच थांबवलं. पोरगी बरोबर बोलत होती. देणं एका कानात नव्हतं, बावीस जणांच्या कानांत होतं. तो उभा राहिला. या खोलीत तो नेहमी बसून बोलायचा, लोक उभे असायचे. खालून कुणीतरी माइक तपासत होतं, एक दोन, एक दोन, ते थांबेपर्यंत तो थांबला. “ऐका रे पोट्टेहो,” तो म्हणाला, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाला. “हिच्या ट्रिगरचे मी एकशेदहा सांगितले होते. एकशेपंच्याण्णव निघाले. ही पोरगी पयल्या दिवसापासून खरं सांगत होती. हिच्या मनात काई अडत नव्हतं. अडत होतं ते माझ्यात. माझं बोट बधिर हाय, अन् कवापासून हाय, ते मले माहीत नाही.”

बोलून झाल्यावर त्याला बापाची आठवण आली, गेटबाहेर बसलेल्या, बोटं बघणाऱ्या. बापाला खरं सांगून बसावं लागलं होतं, आपल्याला खोटं सांगून उभं राहावं लागलं, एवढाच काय तो फरक, आणि बापाच्या वाट्याचा मान आपण असा उधळला. धर्मपाल सर जमिनीकडे बघत होते, कारण त्यांनाही ट्रिगर जड वाटला होता आणि ते गप्प बसले होते. देवमन स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुन्हा खाली बसला. अर्धा फेरा सोडला, आणि सवयीनं त्याची तर्जनी ट्रिगरकडे गेली.

“बोट लावू नका,” अश्लेषा म्हणाली. “वजनानं करा.”

थप्पड मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर लागलं. त्यानं बोट मागे घेतलं, मुठीत दुमडलं, आणि वजनानं केलं. एकशेसाठ. पाव फेरा. एकशेतीस. पुन्हा किंचित. दहा-बारा वेळा हुक लावला, दहा-बारा वेळा काढला, कपाळावरचा घाम टेबलावर पडला. शेवटी एकशेदहावर टक् झालं, पुन्हा लावलं, पुन्हा एकशेदहावर, तिसऱ्यांदाही. त्यानं रायफल तिच्याकडे दिली. ती जागेवर गेली, छर्रा न घालता उचलली, श्वास धरला, आणि फार थांबली नाही. टक्. तिनं रायफल खाली घेतली नाही, तशीच गालाला लावून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. वकील धावले. “हाच,” ती रडत रडत म्हणत होती, “बाबा, हाच मी सांगत होते, पाच महिने हाच शोधत होते.”

उद्या तिचं काय होईल ते देवमनला माहीत नव्हतं. एका रात्रीत नवा ट्रिगर हाताला बसत नाही हे त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत होतं, आणि चाचणी हुकली तर ती त्याच्यामुळे हुकणार होती, सॉरी म्हणून भरून येण्यातलं ते नव्हतं. त्यानं चकत्या गोळा करून डबीत टाकायला घेतल्या. आता कुणी पाणी आणत नव्हतं. जिना उतरायचा, स्टँड गाठायचा, शालूला सांगायचं, उद्या डॉक्टर. एवढ्यात टेबलावर सावली पडली. शुभम होता, आपली रायफल दोन्ही हातांत आडवी धरून. ऑगस्टमध्ये लावलेली. त्याच्या मागे त्या जुळ्या बहिणी, त्यांच्या मागे बडनेऱ्याचा पोरगा, आणि त्याच्याही मागे अशी दोन पोरं की ज्यांच्या रायफली देवमननं दोन वर्षांपूर्वी लावल्या होत्या. कोणाच्याच तोंडावर राग नव्हता, नुसती भीती होती. आपल्यातही काही मोडलेलं नसेल कदाचित, ही भीतीसुद्धा माणसाला वाटते, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

शुभमनं नळी वर करून रायफल धरली. देवमननं चकत्या पुन्हा काढल्या, शंभर, दहा, हुक उचलला आणि तो नेमका कुठं लागतो ते वाकून डोळ्यांनी बघायला लागला.